राफ्टमधून कॅरिबूची शिकार, वायव्य अलास्का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींची विचारणा सुरू होते: "अलास्कात म्हणे नदीतून राफ्टने जाऊन शिकार करतात, आम्हाला जमेल का?" शिकार कॅरिबूची, म्हणजे उत्तरेकडच्या रानटी रेनडियर हरणाची. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कोणतंही पॅकेज विकायचं नाही, त्यामुळे काही उत्तरं कडू लागली तर चालवून घ्या. नियम दर वर्षी बदलतात. अलास्काच्या फिश अँड गेम विभागाची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय तिकिटं काढू नका.

या सहलीत नेमकं असतं काय?

अँकरेजहून कोट्झेब्यूला नेहमीचं विमान जातं. आर्क्टिक वृत्ताच्या थोडं वर, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं हे गाव. तिथून छोटं विमान तुम्हाला, राफ्टला आणि सामानाला एखाद्या तळ्यावर किंवा नदीकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यावर सोडून निघून जातं. राफ्ट फुगवायची, सामान बांधायचं आणि आठ-दहा दिवस प्रवाहाबरोबर खाली यायचं. ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी (हवामानाने परवानगी दिली तर) विमान परत येतं. मध्ये रस्ता नाही, गाव नाही, मोबाइलला रेंज नाही.

राफ्ट कशाला, चालत का नाही, असंही विचारतात. टुंड्रावर कधी चालला असाल तर हा प्रश्न पडणार नाही. गवताचे डुगडुगणारे गड्डे, त्यांच्यामध्ये पाणी, आणि प्रत्येक पावलाला घोटा मुरगळायची तयारी. अशा जमिनीवरून पाठीवर चाळीस किलो मांस घेऊन एक किलोमीटर आलात की नदीची किंमत कळते. राफ्ट ही मुख्यतः मांस वाहून आणायची सोय आहे. बंदुकीचं काम एखाद्या सकाळपुरतं. बाकी सगळी सहल वजन, पाणी, हवामान आणि मांस यांचीच.

भारतात १९७२ पासून शिकारीवर बंदी आहे. मग इथे हे कायदेशीर कसं?

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा वाघापासून माळढोकापर्यंत सगळंच संपत आलं होतं, त्यामुळे बंदी हाच मार्ग उरला होता. अलास्काची वाट वेगळी. जंगल, मासे, वन्यप्राणी यांचा वापर पुन्हा भरून येईल इतपतच करायचा, हे तत्त्व तिथल्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. कळपाचे विमानातून फोटो काढून मोजणी होते आणि त्यावरून कोणी, किती, कधी मारायचे ते ठरतं. आकडा घसरला की मर्यादा घटते, फार घसरला की शिकार बंद. अलास्काच्या नैर्ऋत्येकडचा मुल्चात्ना कळप १९९०च्या दशकात सुमारे दोन लाखांचा होता, २०१९ मध्ये तो तेरा हजारांवर आला आणि पुढे तिथली शिकार थांबवली गेली.

एवढं सांगूनही एखाद्याला हे पटत नसेल तर त्याला पटवत बसू नये. मला स्वतःला दुकानातल्या थर्माकोलच्या ट्रेमधल्या मटणापेक्षा हे जास्त प्रामाणिक वाटतं.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. बंदूक हातात धरली तर गोत्यात येईन का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत निष्काळजीपणे उत्तर दिला जाणारा प्रश्न. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या, म्हणजे स्थलांतरितेतर व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना जवळ असणं. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. "मित्राचीच आहे, जरा धरून बघतो" हेसुद्धा परवाना खिशात आल्यावर. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची बंदी लागू नाही. तरीही एकदा आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या. फी गेली तर गेली, व्हिसा तरी शाबूत राहील.

गाइड घ्यावाच लागतो का? पुण्याहून माझा चुलतभाऊ येणार आहे, त्याचं काय?

अमेरिकन नागरिक दुसऱ्या राज्यातून आला असेल तर कॅरिबूसाठी गाइडची सक्ती नाही. ती आहे तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि डोंगरी बकरा यांच्यासाठी. पण जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि ज्याचं कायमचं घरही अमेरिकेत नाही, त्याला कोणत्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीला परवानाधारक गाइड लागतो. पुण्याचा चुलतभाऊ यातच बसतो. त्याला शिकार करायची असेल तर गाइडचा खर्च धरा, आणि तो सगळ्या सहलीपेक्षा मोठा निघू शकतो. त्यापेक्षा त्याला वल्हं मारायला न्या. एच-वन-बीवाल्यांनी "कायमचं घर" या शब्दांचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावू नये. विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं आणि ते छापून बरोबर ठेवावं.

आणखी एक घोळ होतो. तुम्हाला विमानाने सोडणारा ट्रान्सपोर्टर हा गाइड नव्हे. त्याने फक्त न्यायचं, आणायचं आणि हवं तर राफ्ट भाड्याने द्यायची. शिकारीत मदत करायला त्याला कायद्याने मनाई आहे. "कॅरिबू नक्की दाखवतो" असं म्हणणाऱ्या ट्रान्सपोर्टरपासून लांब राहा.

परवान्याचा खर्च किती?

बाहेरच्या राज्यातल्या अमेरिकनाला वर्षाचा शिकार परवाना १६० डॉलर आणि कॅरिबूचा टॅग ६५० डॉलर. परदेशी माणसाला हेच ६३० आणि ८५० डॉलर. टॅग शिकारीआधी विकत घ्यायचा आणि जनावर पडल्यावर लगेच त्याला अडकवायचा. छोटं विमान, राफ्टचं भाडं आणि मांस गोठवून घरी न्यायचा खर्च धरला की माणशी काही हजार डॉलर होतात. परवाना हा त्यातला किरकोळ भाग.

कोणती नदी निवडावी?

नाव सगळ्यांच्या तोंडी असतं ते नोआटकचं, आणि ते साहजिक आहे. ब्रुक्स पर्वतरांगेतल्या माउंट इगिकपाकजवळ उगम, सुमारे ६८० किलोमीटरचा प्रवास, सगळा आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, आणि शेवट कोट्झेब्यूच्या आखातात. पाणी बहुतेक ठिकाणी सरळ-सौम्य. पण नुसतं नकाशावर बोट ठेवून चालत नाही. नदीचा वरचा भाग गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे हौशी शिकारीला बंदी. त्याखाली नोआटक नॅशनल प्रिझर्व्ह लागतं, तिथे शिकार चालते, पण तिथेही सगळीकडे आणि सगळ्यांना नाही. खालच्या पट्ट्यात नदीच्या दोन्ही बाजूंना पाच मैलांपर्यंत १५ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर या काळात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी विमान वापरायला मनाई आहे. म्हणजे ऐन हंगामात.

शिवाय हा प्रदेश शिकारीच्या नकाशावरच्या ज्या विभाग २३ मध्ये येतो, तिथल्या केंद्र सरकारच्या जमिनी २०१६-१७ मध्ये बाहेरच्या शिकाऱ्यांना पूर्ण बंद केल्या होत्या, आणि त्यानंतरही काही पट्टे बंदच ठेवले गेले. कारण कळपाचे आकडेच सांगतात. वेस्टर्न आर्क्टिक कळप २००३ मध्ये ४ लाख ९० हजार होता, २०१६ मध्ये २ लाख १ हजार, आणि २०२३ मध्ये १ लाख ५२ हजार. हा कळप फिरतो तो मुलूख महाराष्ट्राहून मोठा आहे, त्यामुळे आकाशातून बघताना ही घट जाणवत नाही. मोजणीत जाणवते.

पूर्वेकडे पोर्क्युपाइन कळप आहे. २०१७ च्या मोजणीत तो २ लाख १८ हजार होता. त्याच्यामागे जाणारे लोक आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानातल्या कोंगाकुटसारख्या नद्यांवर जातात. तिथलं पाणी जास्त अवखळ, उड्डाण लांबचं आणि महाग. डाल्टन हायवेजवळ गाडीने जाता येतं खरं, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच मैल फक्त धनुष्यबाण चालतो.

माझं मत विचाराल तर नदी सर्वांत शेवटी निवडा. आधी नियम वाचा, मग कळपाच्या ताज्या मोजणीची बातमी वाचा, मग ट्रान्सपोर्टरशी बोला.

कधी जावं?

पूर्वी ऑगस्टअखेरीस उत्तरेकडून झुंडी यायला लागत. अलीकडे हे स्थलांतर लांबत चाललं आहे, आणि काही वर्षी तर बरेच कॅरिबू थंडी पडेपर्यंत उत्तरेलाच रेंगाळतात. म्हणून उशिरा जावं असं वाटतं, पण उशीर केला तर दोन अडचणी येतात. एक म्हणजे नदीकाठाला बर्फ धरायला लागतो आणि पाण्यावर उतरणारी विमानं तळ्यांवर उतरेनाशी होतात. दुसरी मांसाची. सप्टेंबरच्या शेवटी मोठे नर माजावर येतात, खाणं सोडतात, आणि त्यांच्या मांसाला असा उग्र वास येतो की आलं-लसणाचं वाटण कितीही घाला, तो दबत नाही. तेव्हा सप्टेंबरचा मधला काळ बहुतेकांना सोयीचा. डास संपलेले, रात्री शून्याखाली, दिवसा पाच-दहा अंश. उशिरा गेलातच तर तरुण नर बघा.

परतीच्या तिकिटाला तीन-चार दिवसांची सवड ठेवा. धुकं बसलं की वैमानिक येत नाही, आणि त्याने येऊही नये.

उतरल्या उतरल्या समोर कळप दिसला तर?

बघा, फोटो काढा, चहा करा. अलास्कात छोट्या विमानातून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत मोठ्या प्राण्याची शिकार करता येत नाही. आकाशातून कळप हेरून लगेच खाली उतरून गोळी घालू नये, हा उद्देश. हा नियम मोडला तर दंडावर भागत नाही, मांस आणि बंदूकही जप्त होऊ शकते.

राफ्टमध्ये किती सामान घ्यावं?

तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मं. बीव्हर जातीचं विमान माणसांसकट साधारण पाचशे किलो उचलतं. जाताना सगळं कसंबसं बसवलंत तर येताना मांसाला जागा कुठून आणणार? पूर्ण वाढलेला नर १६० ते १८० किलोचा असतो. त्याचं हाडांसकट मांसच ऐंशी-नव्वद किलो सहज भरतं. दोघांनी दोन मारले तर एक जादा फेरी लागते, आणि प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे. म्हणून चार मीटरच्या आसपासची राफ्ट, दोन माणसं आणि दोन कॅरिबू हा हिशेब आधीच मांडून ठेवा. प्रेशर कुकर घरी ठेवा (न्यायचा हट्ट धरणारे भेटतात). स्टोव्हचा गॅस आणि अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा मोठ्या विमानात चालत नाही, तो कोट्झेब्यूतच घ्या. आणि छोट्या विमानात चढताना फवारा जवळ आहे हे वैमानिकाला आधी सांगा.

पोहता येत नाही. चालेल का?

इथलं पाणी इतकं गार असतं की पोहता येण्याचा फारसा उपयोग होत नाही. पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास ताब्यात आणण्यातच जातो. हातपाय धड चालतात ते दहाएक मिनिटं. लाइफ जॅकेट अंगात असेल तर तेवढ्यात काठ गाठता येतो, राफ्टमध्ये बांधून ठेवलं असेल तर नाही. छातीपर्यंतचे रबरी वेडर घालणार असाल तर कमरेचा पट्टा घट्ट आवळा, नाहीतर आत पाणी भरतं.

प्रवाह सौम्य असला तरी वळणावर बाहेरच्या काठाला उन्मळून पाण्यात आडवी पडलेली झाडं किंवा विलो झुडपांची जाळी असते. पाणी आरपार जातं, राफ्ट अडकते. वळण दिसलं की आतल्या बाजूला वल्हवायला लागा, जवळ जाऊन नव्हे. आणि तंबू अगदी पाण्याला लागून ठोकू नका. डोंगरात पाऊस पडला की इथे ऊन असतानाही नदी रात्रीत चढते. राफ्ट प्रत्येक रात्री वर ओढून दोन दोऱ्यांनी बांधायची. राफ्ट गेली की सहल गेली.

अस्वलं?

आहेत, ग्रिझली आहेत, आणि मांसाचा वास त्यांना तुमच्या आधी लागतो. मांस तंबूपासून शंभरेक मीटर लांब, पण तंबूतून दिसेल असं ठेवा. बॅटरीवर चालणारं विजेचं हलकं कुंपण मिळतं, ते जरूर घ्या. परत मांसाकडे जाताना मोठ्याने बोलत जा. इथे गाण्याच्या भेंड्या चालतात. जिवावर बेतलं म्हणून अस्वल मारावं लागलं तर त्याचं कातडं आणि कवटी सरकारजमा करावी लागते, आणि सोलण्याचं काम तुमच्याच गळ्यात.

जनावर पडल्यावर काय करायचं?

इथून खरं काम सुरू होतं, त्यामुळे हे उत्तर लांब आहे.

पहिली गोष्ट: खाण्याजोगं सगळं मांस बाहेर आणणं हा कायदा आहे. चारी पाय, मान, छाती, बरगड्यांचं मांस, पाठीच्या दोन्ही पट्ट्या आणि आतले मऊ तुकडे. नुसती शिंगं आणि पाठीची पट्टी घेऊन निघालात तर तो गुन्हा. शिंगंसुद्धा मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतरच जागेवरून हलवायची. विभागाविभागाने अजून बारकावे आहेत. काही ठिकाणी पायांचं आणि बरगड्यांचं मांस हाडावरच ठेवून आणावं लागतं. ज्या परवान्यात फक्त नर मारता येतो, तिथे नर असल्याची खूण मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवावी लागते. सुरी चालवण्याआधी हे पाठ असू द्या.

दुसरी गोष्ट गारवा. कॅरिबूच्या अंगावरचे केस पोकळ असतात. त्यामुळे तो बर्फातही उबदार राहतो, आणि त्याच कारणाने मेल्यावर आतून तासन्तास गरम राहतो. म्हणून कातडं ताबडतोब उतरवा. मागच्या मांडीचा खुब्याचा सांधा सगळ्यात आधी बिघडतो, तिथे सुरीने वाट करून हवा लागू द्या.

मग वाळवण. प्रत्येक पाय कापडी पिशवीत घाला, प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही. विलोच्या फांद्यांची जाड गादी करून त्यावर ठेवा, किंवा वल्ह्यांची तिकाटी करून टांगा. वर ताडपत्री, पण मांसाला न टेकणारी. वारा खालून-वरून खेळला पाहिजे. चार-सहा तासांनी बोट लावून बघायचं. मांसावर पातळ, कोरडा, किंचित कडक पापुद्रा धरला असेल आणि बोटाला चिकट ओल लागत नसेल तर जमलं. त्या पापुद्र्यावर माशी अंडी घालू शकत नाही. काही जण लिंबाच्या सत्त्वाचं पाणी फवारतात, त्याचाही फायदा होतो. राफ्टमध्ये मांस सगळ्यात वर. तळाशी ठेवलं की पाण्यात भिजतं, आणि भिजलेलं मांस दोन दिवसांत जातं.

सोलताना हातमोजे घाला. सांधे सुजलेले किंवा वृषणं फुगलेली दिसली तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावी. असं मांस नीट शिजवल्याशिवाय खाऊ नये आणि विभागाला कळवावं. मांसात तांदळासारखे पांढरे दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात. किळसवाणे खरे, पण शिजवल्यावर माणसाला धोका नाही.

बंदूक कोणती?

तीस-झीरो-सिक्स, थ्री-झीरो-एट, टू-सेव्हन्टी, कुठलीही चालेल, हातावर बसलेली हवी. दोनशे मीटरवर खात्री नसेल तर शंभरपर्यंत सरका. राफ्टमध्ये बंदूक रिकामी ठेवा, आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

तिथल्या लोकांशी कसं वागायचं?

हा प्रश्न क्वचितच येतो, खरं तर पहिला यायला हवा. हा इन्युपियाक या मूळनिवासी लोकांचा मुलूख. कोबुक नदीवरच्या ऑनियन पोर्टेजला माणसं सुमारे नऊ हजार वर्षं नदी ओलांडणारे कॅरिबू मारत आली आहेत. या गावांत दुकानातलं मांस विमानाने येतं आणि अतोनात महाग असतं. कॅरिबू हे त्यांच्या वर्षाच्या जेवणातलं मुख्य अन्न, आपल्यासाठी ती सहल.

तिथले वडीलधारे सांगतात, पुढचे कॅरिबू जाऊ द्यावेत. पुढच्यांनी वाट धरली की मागचे त्याच वाटेने येतात. पुढच्यांनाच बिचकवलं तर सगळा कळप दुसरीकडून जातो आणि खालच्या गावाची फ्रीझर रिकामी राहते. म्हणून नदी ओलांडण्याच्या जागेवर तंबू ठोकू नका, आणि पहिली झुंड दिसल्याबरोबर गोळीबार करू नका. मांस जास्त झालं तर कोट्झेब्यूत घेणारी घरं असतात, विशेषतः म्हातारी माणसं. देताना हस्तांतराचा फॉर्म भरायचा, आणि मांस स्वच्छ असेल तरच द्यायचं. बिघडलेलं मांस दान म्हणून गळ्यात मारणं हा आपल्याकडच्या फाटक्या नोटा देवळाच्या पेटीत टाकण्याचाच प्रकार.

बायको शाकाहारी आहे, तिला यायचंय. येऊ शकते?

जरूर. शिकार न करणाऱ्याला परवाना लागत नाही. वल्हवायला, स्वयंपाकाला, दुर्बिणीतून टेहळणीला एक माणूस जास्त असणं चांगलंच. फक्त सोलणं आणि वाहणं हे काम सहा-सात तास चालतं, रक्ताचे हात घेऊन तुम्ही तंबूत येणार, हे तिला आधी सांगा. भाजणी, मेतकूट, पिठल्याचं कोरडं पीठ आणि तूप घ्या. गारठ्यात तूप-भात-मेतकूट म्हणजे काय, ते तिथेच कळतं.

हे मांस शिजवायचं कसं?

चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे बोकडासारखं नुसतं शिजत ठेवलं तर चामडं होतं. पाठीची पट्टी पातळ कापून तव्यावर तुपात, दोन्ही बाजूंनी जेमतेम, वर मीठ-मिरपूड. पहिल्या रात्री हेच. मान आणि नळ्या मंद आचेवर तीन तास; कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला तर भाताबरोबर उत्तम. खिमाही छान होतो, फक्त वरून तेल सोडावं लागतं.

शिंगं भारतात नेता येतील का?

नाही. वन्यप्राण्यांचे अवयव आणि त्यांपासूनच्या वस्तू आयात करायला भारतात मनाई आहे, आणि मांस तर नेऊच नका. आजोबांना फोटो पाठवा.

कॅरिबू आलेच नाहीत तर?

येत नाहीत, असं बऱ्याच जणांचं होतं. विमान तेच, नदी तीच, आणि दहा दिवसांत एक शिंगही दिसत नाही. ट्रान्सपोर्टर पैसे परत देत नाही, टॅगचेही परत मिळत नाहीत. मासेमारीचा परवाना मात्र आधीच काढून ठेवा. ग्रेलिंग आणि 'चार' (char) या जातींचे मासे बहुतेक नद्यांत मिळतात आणि तव्यावर फार चांगले लागतात. आणखी एक सोय कित्येकांना ठाऊक नसते. न वापरलेला टॅग त्याच किंवा कमी किमतीच्या दुसऱ्या प्राण्यासाठी चालतो, म्हणजे हंगाम खुला असेल तर काळ्या अस्वलासाठी. मिळालं असो वा नसो, घरी आल्यावर शिकारीचा अहवाल विभागाला पाठवावाच लागतो. "काही मिळालं नाही" हेसुद्धा कळवायचं असतं, नाहीतर पुढच्या वर्षीच्या परमिटला अडचण येऊ शकते.